टिचकीच्या शेपटीची बातमी

एक होती पाल. एवढीशी! आपल्या करंगळीएवढी. तिचं नाव टिचकी.

टिचकी राहायची गावच्या शाळेत. शाळेच्या व्हरांड्यात होता एक काळा फळा. फळ्याच्या मागे टिचकीचं घर. आणि फळ्यावर काय? फळ्यावर रोज एक बातमी!

चौथीतली प्रांजलताई बातमी लिहायची. आज गुलमोहर फुलला. आज पहिलीतल्या समीरचा दात पडला. मुलं मोठ्याने वाचायची. टिचकी मागून ऐकायची. म्हणायची, "चुक चुक चुक! माझी बातमी कधी गं येणार?"

मग आला शाळेचा शेवटचा दिवस. उद्यापासून मोठी सुट्टी! मुलं धावली. दार लागलं. धाडकन!

आणि दारात कोण होतं? टिचकी!

टुप्प! टिचकीची शेपटी तुटली. खाली पडली. वळवळ वळवळ नाचली. मग गप्प झाली.

"अगं बाई! माझी शेपटी!" टिचकी ओरडली. "बघा ना कुणीतरी! माझी शेपटी गेली!"

कोण बघणार? मुलं सगळी शाळेच्या मागच्या खोलीत. तिथे एक खोका. खोक्यात मनी मांजर. मनीला पिल्लं झाली होती. एक, दोन, तीन!

"अय्या! कित्ती गोड!" मुलं म्हणाली.

प्रांजलताईने खडू घेतला. मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनीला तीन पिल्लं झाली.' खडू ठेवला फळ्याखाली. आणि मुलं गेली घरी.

आता शाळा बंद. फळा कोण पुसणार? एक दिवस गेला. दोन दिवस गेले. आठ दिवस गेले. बातमी तीच! जो येई तो वाचे, 'मनीला तीन पिल्लं झाली.'

टिचकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मनीला पिल्लं झाली, ती बातमी. माझी शेपटी गेली, ती बातमी नाही? वा गं वा!"

टिचकीच्या पोटात दुखायला लागलं. डास जास्त खाल्ले म्हणून? छे! मनीचं कौतुक झालं म्हणून.

नवव्या दिवशी टिचकी उठली. शाळेच्या अंगणात बायकांनी वाळवण घातलं होतं. शाळेचं अंगण फरशीचं ना! स्वच्छ! म्हणून सुट्टीत सगळं गाव तिथे वाळवण घालतं. पांढऱ्या पांढऱ्या कुरडया. गोल गोल. आणि राखणीला कोण? हातात काठी घेऊन प्रांजलताई!

टिचकी निघाली. पण शेपटी नाही ना! तोल जातो बिचारीचा. सरसर सरसर, लटपट! सरसर सरसर, लटपट!

"प्रांजलताई, प्रांजलताई! मनीची बातमी पूस. माझी बातमी लिही. माझी शेपटी गेली!"

प्रांजलताई म्हणाली, "लिहिते की! पण तो कावळा बघ. मी उठले की कुरडया पळवील. ऊं हूं! आधी कावळा उडू दे. मग मी लिहीन."

टिचकी गेली कावळ्याकडे. कावळा बसला होता भिंतीवर. सरसर सरसर, लटपट!

"कावळ्या कावळ्या, ऊड ना रे!
ताई लिहीना,
माझी बातमी येईना,
मला चैन पडेना!"

कावळा म्हणाला, "काव काव! आणि माझ्या पोटाचं काय? सकाळपासून उपाशी आहे मी. ऊं हूं! आधी शेवंताकाकूने भाकरीचा तुकडा देऊ दे. मग मी उडेन."

टिचकी गेली शेवंताकाकूकडे. काकू कुरडया घालत होती. हातात सोऱ्या. कडेवर बाब्या. बाब्या रडत होता. भ्यॅँ! भ्यॅँ! सरसर सरसर, लटपट!

"काकू काकू, तुकडा दे ना गं!
कावळा उडेना,
ताई लिहीना,
माझी बातमी येईना,
मला चैन पडेना!"

काकू म्हणाली, "अगं माझे बाई, मला हात आहेत दोन! एका हातात सोऱ्या, एका हातात हे कार्टं. सुट्टी लागल्यापासून नुसता भोंगा लावलाय. ऊं हूं! आधी बाब्या गप्प बसू दे. मग मी तुकडा देईन."

टिचकीने वर बघितलं. बाब्याच्या नाकाला शेंबूड. गालावर पीठ.

"बाब्या बाब्या, गप्प बस ना रे!
काकू तुकडा देईना,
कावळा उडेना,
ताई लिहीना,
माझी बातमी येईना,
मला चैन पडेना!"

बाब्या म्हणाला, "भ्यॅँ! मला कंटाळा आला. दादा खेळायला घेत नाही. ताई काठी देत नाही. मला पिल्लू बघायचंय! ऊं हूं! आधी मनीने पिल्लू दाखवू दे. मग मी गप्प बसेन."

मनी? त्या मनीकडे जायचं?

टिचकीने नाक मुरडलं. "मी नाही जायची ज्जा! शेपटी माझी गेली. आणि ह्यालाही मनीचंच पिल्लू पाहिजे! सगळ्यांना मनी, मनी, मनी!"

टिचकी बसली रुसून. भिंतीला चिकटून. पण बसून बातमी येते का? सांगा बरं! नाही येत. मग उठली बिचारी.

सरसर सरसर, लटपट! सरसर सरसर, लटपट! गेली शाळेमागच्या खोलीत. खाली नाही गेली हं! मांजरीजवळ कोण जाईल? छताला उलटी चिकटली. तिथून बघितलं.

खोक्यात तीन पिल्लं. मऊ मऊ. आणि तीन शेपट्या! एक काळी. एक पिवळी. एक ठिपक्यांची.

"हिच्या घरी तीन तीन शेपट्या," टिचकी म्हणाली, "आणि मला एकसुद्धा नाही!" तिचं पोट पुन्हा दुखलं. चांगलंच दुखलं. पण करते काय?

"मनी मनी, पिल्लू दाखव ना गं!
बाब्या गप्प बसेना,
काकू तुकडा देईना,
कावळा उडेना,
ताई लिहीना,
माझी बातमी येईना,
मला चैन पडेना!"

मनीने वर बघितलं. डोळे लाल लाल. मिशा वाकड्या. अंग चिकट.

मनी म्हणाली, "म्यांव! कुठलं पिल्लू दाखवू बाई? आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. ह्या खोलीत डासच डास. पिल्लांना चावतात. पिल्लं झोपत नाहीत, मलाही झोपू देत नाहीत. ऊं हूं! आधी डास जाऊ देत. मग मी पिल्लू दाखवीन."

तिला वाटलं होतं, मनीची मज्जाच मज्जा आहे. ही तर रडकुंडीला आली होती!

डास उडत होते. गूं गूं गूं! एक डास, दोन डास, दहा डास.

"डासांनो डासांनो, जा ना रे!
मनी पिल्लू दाखवीना,
बाब्या गप्प बसेना,
काकू तुकडा देईना,
कावळा उडेना,
ताई लिहीना,
माझी बातमी येईना,
मला चैन पडेना!"

डास म्हणाले, "गूं गूं! नाही जाणार! नाही जाणार! काय करशील?"

काय करशील? पालीला विचारतात, काय करशील?

टिचकीने जीभ काढली.

गट्टम! एक डास गेला.
गट्टम! दुसरा गेला.
गट्टम, गट्टम, गट्टम! तिसरा, चौथा, पाचवा!

उरलेले डास म्हणाले, "पळा रे पळा!" आणि खिडकीतून पसार झाले.

खोली शांत. पिल्लं झोपली. एकावर एक. घुर्र घुर्र!

मनी म्हणाली, "टिचके, गुणाची गं माझी बाई! मला वाटायचं, तू नुसती भिंतीवर चुकचुक करतेस."

टिचकी लाजली. आणि मग काय झालं?

डास गेले. मनीने पिल्लू दाखवलं.
मनीने पिल्लू दाखवलं. बाब्या गप्प बसला.
बाब्या गप्प बसला. काकूने तुकडा दिला.
काकूने तुकडा दिला. कावळा उडाला. भुर्रर्र!
कावळा उडाला. आणि प्रांजलताई काठी टाकून उठली.

"चल टिचके. काय लिहू?"

"लिही, टिचकीची शेपटी गेली!"

"थांब हं," प्रांजलताई म्हणाली. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी बातमी लिहीत नाही. बाईंनी सांगितलंय. मागे फिर बघू."

टिचकी फळ्याजवळच्या भिंतीवर मागे फिरली. प्रांजलताई वाकली. नाक अगदी जवळ आणलं. बघते बघते, आणि एकदम ओरडली.

"टिचके! अगं, शेपटी गेली नाही काही. शेपटी येतेय!"

"काय?"

"एवढासा कोंब आहे. मोहरीएवढा! नवी शेपटी फुटतेय तुला!"

टिचकी गोल फिरली. पुन्हा फिरली. स्वतःची शेपटी दिसते का कुणाला? पण ताईने बघितली ना! डोळ्यांनी बघितली! टिचकीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती भिंतीवरून खालीच पडली. थप्प!

प्रांजलताईने मनीची बातमी पुसली. फर्र फर्र! टिचकीला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला? झाल्याच!

मग ताईने लिहिलं, 'टिचकीला नवी शेपटी फुटली. कुणी ओढू नये.'

बाब्या धावत आला. त्याच्यामागे दादा आला. दादामागे समीर आला. सगळ्यांनी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ऐकलं. मग सगळे फळ्यामागे डोकावले.

"आहे की गं! खरंच आहे!"

दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा आली. आज केवढी झाली? ताईने लिहिलं, 'आज तिळाएवढी.' तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. 'आज गव्हाएवढी.' बाब्या तर सकाळी उठला की शाळेकडेच पळायचा. भोंगा बंद! काकू म्हणायची, "बाई, बाई, सुट्टी बरी चालली हो माझी!"

चौथ्या दिवशी ताई खडू घेऊन उभी होती. लिहिणार, एवढ्यात व्हरांड्याच्या कोपऱ्यात कुणीतरी दिसलं. एकटंच. तोंड फुगवून.

मनी!

टिचकी फळ्यामागून म्हणाली, "काय गं मनी? इथे का बसलीस?"

"काही नाही," मनी म्हणाली. आणि जमीन खरवडायला लागली. खर्र खर्र.

"सांग ना!"

मनी म्हणाली, "आज माझ्या पिल्लांनी डोळे उघडले. तिघांनी! इवले इवले. निळे निळे. पण कुणी बघायलाच आलं नाही. सगळे तुझी शेपटी बघतात." आणि मनीने तोंड फिरवलं.

मनीच्या पोटात दुखत होतं. डास चावले म्हणून नाही.

टिचकीने मनीकडे बघितलं. ते दुखणं तिला ठाऊक होतं. आठ दिवस तिने तेच तर काढलं होतं! कसं दुखतं, कुठे दुखतं, सगळं ठाऊक होतं.

टिचकी बाहेर आली. फळ्याच्या मधोमध येऊन बसली.

"ताई, माझी शेपटी आज कालच्याएवढीच आहे. मनीच्या पिल्लांनी डोळे उघडले. ती बातमी मोठी. ती लिही."

"आणि तुझी?"

"माझी खाली लिही. बारीक. जागा उरली तर."

प्रांजलताईने लिहिलं. मुलांनी वाचलं. आणि सगळी पोरं मनीच्या मागे धावली. धडधड धडधड!

फळ्यावर एकटी टिचकी उरली. तिने हळूच आपलं पोट चाचपलं. इकडून चाचपलं. तिकडून चाचपलं.

कुठेच दुखत नव्हतं.

मग तीही निघाली. सरसर सरसर, सरसर सरसर, पिल्लांचे डोळे बघायला.

चिमूटभर पालीची मूठभर गोष्ट. तुम्ही ऐकली, मी सांगितली, आता पांघरूण घ्या.