इंजिनाला लावलेली पावडर

थेंब दिसला की लगेच गुन्हेगार ठरवून मोकळी होणारी माणसे आपल्यातच आहेत. ती शिकलेली आहेत, सभ्य आहेत, आणि चौकशीवाचून दिलेल्या शिक्षेला ती तत्त्वनिष्ठा म्हणतात. नाव घेण्याची गरज नाही. ज्याचे त्याला कळते.

एकदा एक तरुण आपल्या वृद्ध गुरुजींच्या अंगणात मोटारसायकल ढकलत घेऊन आला. गुरुजी गावाबाहेर नदीच्या वळणावर राहत आणि येईल त्याला तर्कशास्त्र शिकवत. हा त्यांचा आवडता शिष्य. दुपार कलंडली होती. काटेसावरीचा कापूस हवेत तरंगत होता आणि खाली यायची त्याला मुळीच घाई नव्हती. शिष्याला मात्र होती.

"इंजिनातून तेल गळतंय, गुरुजी. खालचा बोल्ट आवळून आवळून हात दुखले. तरी रोज सकाळी फरशीवर डाग असतोच."

"कधीपासून?"

"निरंजनने नेली त्या दिवसापासून."

निरंजन हा त्याचा धाकटा भाऊ. शिष्य परीक्षेसाठी परगावी होता तेव्हा गाडी घरच्या पडवीत उभीच होती. तो परतल्यावर निरंजन ती घेऊन मित्राच्या लग्नाला घाटापलीकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाखाली काळा डाग उमटला. गाडी कुठे आपटली नाही, असे निरंजन सांगत राहिला. थोरल्याने ऐकले नाही. खोटे बोलणाऱ्याबरोबर एका छताखाली राहणे आपल्या तत्त्वात बसत नाही, असे तो म्हणाला. मग निरंजनने बॅग भरली. आज पाचच्या एसटीने तो शहरात जाणार होता, आणि परत येण्याविषयी काहीच बोलला नव्हता.

"गाडी चांगली होती. त्याने नेली. गळू लागली," शिष्य म्हणाला. "इंजिनाला कुठेतरी तडा असणार. तेवढा सापडला की माझे म्हणणे सिद्ध झाले."

"डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे असे म्हणावे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण दिसले ते धुके असेल तर?"

गुरुजींनी रॉकेल, चिंध्या आणि एक झिजलेला टूथब्रश आणून शिष्यापुढे ठेवला. "आधी सगळे पूस. अगदी कोरडे कर."

"पण मग तेल कुठून येतंय ते दिसणार कसं?"

"आता तरी कुठे दिसतंय?"

शिष्याने इंजिन घासून काढले. त्याच्यावरच्या आडव्या पट्ट्यापट्ट्यांतला चिखल आणि तेलाची काळी साय निघून गेली, आणि धातू नदीतल्या गोट्यासारखा स्वच्छ दिसू लागला. तेव्हा गुरुजी घरात गेले आणि अंगाला लावायच्या पावडरीचा डबा घेऊन आले. न्हाऊमाखू घातलेल्या तान्ह्या बाळाला लावावी तशी त्यांनी ती सगळ्या इंजिनावर हळुवार भुरभुरली. चंदनाचा वास पसरला.

"गुरुजी, हे काय चाललंय?" शिष्याला हसावे की रागवावे कळेना. "पाचची गाडी आहे त्याची."

"असू दे. चालू कर आणि बस इथे."

इंजिन धडधडू लागले. दोघे जमिनीवर बसले. सावरीचा कापूस येऊन त्या पांढऱ्या इंजिनाजवळ घुटमळे आणि उष्ण हवेने पुन्हा वर जाई. शिष्याचे डोळे जड झाले. ती धडधड दूरच्या एखाद्या देवळातून येत असावी, समोर यंत्र नसून चांदण्यात झोपलेले एखादे जनावर असावे, असे त्याला वाटू लागले. किती वेळ गेला कोण जाणे.

मग पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. खालच्या बोल्टपाशी नव्हे, तर पार वर, झाकणाच्या कडेला. ती एकेक पट्टी उतरत खाली आली, बोल्टच्या टोकाशी गोळा झाली, आणि तिथून थेंब पडला.

शिष्य ताडकन उठला. तडा कुठेच नव्हता. "म्हणजे हे वरचं झाकण ढिलं आहे." तो पाना घ्यायला वाकला, तर गुरुजी पान्यावर बसले होते.

"उठा की जरा."

"नाही उठत. खालून आवळून झाले, आता वरून आवळणार. इंजिनामागून ती रबरी नळी खाली लोंबते आहे ना, तिच्या तोंडाशी तळवा धर. काय लागते हाताला?"

त्याने तळवा धरला. "काहीच नाही."

"लागायला हवे. आतली वाफ त्या वाटेने बाहेर पडते. ते इंजिनाचे नाक आहे."

इंजिन बंद करून शिष्याने नळी काढली आणि तिच्यात तार घातली. आतून वाळलेली माती पडू लागली, बारीक आणि भाजल्यासारखी कडक. शेवटी मातीची एक चिमुकली कोठी निघाली. कुंभारमाशीचे घर.

"ही माशी धावत्या गाडीत घर बांधत नाही," गुरुजी म्हणाले. "तिला उभी गाडी लागते."

शिष्याच्या डोळ्यांपुढे पडवी आली, तिच्यात आपण ठेवून गेलेली गाडी आली, आणि नळीत ये-जा करणारी ती माशी आली. निरंजनने गाडी बिघडवली नव्हती. बंद नाकाने ती पहिल्यांदा धावली ती त्याच्या हातात, एवढेच.

नळी पुन्हा बसवली. इंजिन पुसून, पावडर लावून पुन्हा चालू केले. आता तळव्याला ऊबदार फुंकर लागत होती, आणि पांढरे पांढरेच राहिले होते.

"थेंब पडतो ती तेलाची शेवटची जागा असते," गुरुजी म्हणाले. "तू तिलाच उगम समजलास. उगम वर होता, पण तिथेही झाकणाचा दोष नव्हता. आत कोंडलेल्याला बाहेर पडायची वाट नव्हती, म्हणून त्याने मिळेल त्या फटीतून वाट काढली. तू आणखी आवळत गेला असतास, तर दुसरीकडून फुटले असते." मग त्यांनी विचारले, "निरंजन काही सांगत होता?"

"सांगत होता. मी म्हणालो, स्पष्टीकरणं नकोत."

गुरुजी पान्यावरून उठले आणि पाना न देताच आत गेले.

शिष्य स्टँडवर पोहोचला तेव्हा एसटी सुरू होती. खिडकीशी, मांडीवर बॅग घेऊन, निरंजन बसला होता. शिष्य आत चढला. त्याचे हात तेलाने काळे होते आणि शर्टावर पावडर सांडली होती. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतले त्याला एकही आठवेना.

"निरू," तो म्हणाला, "चूक माझी होती. पण ते नंतर. त्या दिवशी तू काय सांगत होतास, ते ऐकायला आलोय."

निरंजनने त्याच्याकडे पाहिले, मग बॅगेकडे पाहिले. "बरंच आहे," तो हळूच म्हणाला.

दोरीला हात घालून उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "बरंच असेल तर दोघंही खाली उतरा, नाहीतर दोघांचीही तिकिटं काढा, एकाला घेऊन आणि एकाला उतरवून मी घंटी मारणार नाही."