काचेच्या पेल्यातली बिअर

"...पण त्या पिवळ्या पाण्यात लोकांना दिसतं तरी काय?"

मातेयने रिकामा मातीचा चंबू बाकावर आपटला. बोहेमियातल्या एका लहानशा मठाची बिअर गेली आठ वर्षं तोच बनवत होता. आपल्या काळ्याभोर बिअरबद्दल तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

आता नदीपलीकडे कुणी परका येऊन सोनेरी बिअर काढू लागला होता आणि अख्खं गाव पूल ओलांडून तिकडे लोटत होतं. रविवारपर्यंत गिऱ्हाईक परतलं नाही तर भट्टी कायमची विझवायची, असं मठाधिपतींनी बजावलं होतं. मातेय घाबरला होता, आणि घाबरला की तो चिडायचा.

फादर प्रोकोप तळघराच्या झरोक्याशेजारी उन्हात बसले होते. त्याला हे काम शिकवलं ते त्यांनीच. आता त्यांचे डोळे गेले होते.

"ते बनवतात कशी?"

"धूर लागू देत नाहीत. मोड आलेली बार्ली नुसत्या गरम हवेवर वाळवतात, म्हणून रंग फिका. मग गार तळघरात महिनोन्‌महिने ठेवून देतात."

"आणि देतात कशात?"

"काचेच्या पेल्यात! नुसता दिखावा. चव काय डोळ्यांनी घ्यायची असते, फादर?"

म्हाताऱ्याने झग्यातून एक काचेचा पेला काढला. "तुझी आण यात. तहान लागलीय."

मातेय तळघरात उतरला. पिंपाची तोटी सोडून त्याने पेला भरला आणि झरोक्याच्या उजेडात धरला.

तो बघतच राहिला. आत भुसकट तरंगत होतं, तळाशी गाळ बसत होता. आठ वर्षांत आपली बिअर त्याने चंबूबाहेर कधी पाहिलीच नव्हती.

फादरना काय दिसणार होतं म्हणा. तरी त्याने पेला मोरीत ओतला. दुसऱ्या पिंपातून भरला, तोही ओतला. तिसराही. चौथा जरा बरा वाटला, तो घेऊन वर आला. लाजेने त्याचे कान तापले होते.

"तीनदा ओतलीस," फादर म्हणाले.

"...ऐकलंत?"

"डोळे गेलेत. कान आहेत."

मातेयने मान खाली घातली. "गाळ होता, फादर. तुम्हाला कसा देणार?"

प्रोकोपनी सावकाश एक घोट घेतला.

"गावाला कसा देत होतास?"