अठरा वर्षांचे जावळ

एका राज्यात युवराजाच्या डोक्याला जन्मापासून वस्तरा लागला नव्हता. युवराज मणिकेतू तीन महिन्यांचा होता, तेव्हा त्याचा बाप, राजा शूरकेतू, मायावी भृंगदंताचा खजिना आणायला म्हणून गेला, तो गेलाच. त्या घराण्याची रीत अशी, की बाळाचे जावळ बापाच्या डोळ्यांसमोर काढायचे. बाप आला नाही. जावळ राहिले. केस खांद्याखाली आले, कमरेखाली आले, त्यांच्या जटा झाल्या. जटांच्या मुळाशी खवडे उठले. खपल्या धरत, खपल्या फुटत, पू वाही आणि डोक्याची अष्टौप्रहर आग होई. राजवैद्य लेप देत. लेप केसांवरच वाळे. कातडीपर्यंत पोहोचेल तर शपथ.

राज्याचा कायदा होता: अठरा वर्षे राजा परतला नाही, तर तो मेला समजावा. मुलाने मुंडन करावे, दर्भाचा पुतळा जाळावा आणि गादीवर बसावे. अठरा वर्षांना आता नऊ दिवस उरले होते.

प्रधान म्हणाला, "युवराज, मुंडन करा. आगही जाईल, गादीही मिळेल."

"माझा बाप जिवंत आहे. जिवंत बापाच्या नावाने मी डोके बोडके करणार नाही."

"वैद्य म्हणतात, नऊ दिवसांत हे विष मेंदूत उतरेल."

"उतरू दे."

राणीने पदराने डोळे टिपले आणि न्हाव्यांना बोलावणे धाडले. सुतकाची हजामत नको, औषधाची करा, म्हणाली. एवढ्याला मणिकेतू कबूल झाला. सात न्हावी आले. पण त्या जटांना टेकताच वस्तरा लाकडासारखा बोथट होई. आठवी आली ती रघोजी न्हाव्याची लेक सारजा. बाप वर्षापूर्वी वारला, तेव्हापासून त्याची हत्यारांची धोपटी तीच खांद्याला लावून फिरे.

प्रधान हसला. "बाईच्या हातात वस्तरा?"

"विळी चालते, सुरी चालते. वस्तऱ्यानंच काय पाप केलं, महाराज?"

तिचाही वस्तरा बोथट झाला. पण तिने धोपटी गुंडाळली नाही. बोटांनी जटा बाजूला सारून खालची कातडी पाहिली. लाल, ओली, जागोजागी सोललेली. डोळे मिटून, दात आवळून मणिकेतू बसला होता.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलता. मी ह्यावर उपाय आणते. तोवर खाजवू नका."

वेशीबाहेर वठलेल्या सावरीवर एक गिधाड बसले होते. त्याच्या उघड्या टाळूत तीन बाभूळकाटे रुतले होते. सारजाने बोलावले, ते खाली उतरले. तिने चिमट्याने काटे काढले, जखम धुतली.

गिधाड बोलू लागले. "सारे माझ्या टकलाला हसतात. तू हसली नाहीस."

"टकलाला हसून न्हाव्याचं पोट भरेल का?"

"मग ऐक. भृंगदंताने त्या केसांना शाप दिला आहे. सुतक म्हणून काढशील, तर केस लोण्यासारखे उतरतील, पण त्याच क्षणी राजा शूरकेतू पुरता दगड होईल आणि राज्य भृंगदंताचे होईल. जावळ म्हणून काढशील, तर शाप तुटेल. त्याला तीन गोष्टी हव्यात. ज्या लोखंडाने कधी काही कापले नाही, त्याचा वस्तरा. भृंगदंताच्या झऱ्याचे पाणी, पण भरताना त्यात आसू पडता कामा नये. आणि मामाची मांडी. मामाची मांडी असली, की बाप समोर नसला तरी जावळ होते. ही रीत राजघराण्याहून जुनी आहे."

"लोखंड कुठं मिळेल?"

"भृंगदंताच्या खजिन्याची किल्ली खजिन्यावरच पडली आहे. किल्ली घे. सोन्याला शिवू नकोस."

सारजा दोन दिवस चालली. भृंगदंताच्या गुहेत शिरली. सोन्याच्या राशीपाशी एक पुरुष उभा होता, छातीपर्यंत दगड झालेला. त्याच्या दगडी मुठीत मोहरा तशाच होत्या.

"कोण तू?"

"न्हावीण. तुमच्या राज्यातली."

राजाने कसाबसा श्वास घेतला. "माझा मुलगा?"

"हट्टी आहे. तुमच्यापायी डोकं सडवून बसलाय, पण तुम्हाला मेलेलं म्हणत नाही."

राजाच्या पापण्या ओल्या झाल्या. "त्याला सांग, मी सोन्याला भुललो."

"तुम्हीच येऊन सांगा," सारजा म्हणाली, किल्ली उचलली आणि मागे न पाहता बाहेर पडली.

लोहाराने त्या किल्लीचा वस्तरा घडवला. सारजाने सवयीने धोपटीतून बापाचा चामड्याचा पट्टा काढला आणि वस्तरा त्यावर दोनदा ओढला. धार क्षणात काळी पडली. सारजाने कपाळावर हात मारला. त्या पट्ट्यावर बापाने चाळीस वर्षे वस्तरे लावले होते. गावातले प्रत्येक सुतक त्यात मुरले होते. तिने पट्टा घडी घालून धोपटीत ठेवला. लोहाराने वस्तरा पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. या वेळी सारजाने तो स्वतःच्या तळहातावर लावला. दुपार सरेपर्यंत हात सालपटून निघाला, पण धार केस उभा चिरील अशी झाली.

पाणी होते भृंगदंताच्या रानातल्या झऱ्याचे. जो वाकून पाही, त्याला आपले गेलेले माणूस त्यात दिसे. म्हणून ते पाणी कुणी आसवांशिवाय भरले नव्हते. सारजा वाकली. पाण्यात रघोजी बसला होता, मांडीवर धोपटी घेऊन.

"सारजे, जेवलीस का गं?"

तिने ओठ चावले, कळशी बुडवली, तोंडावर झाकण घट्ट बसवले. शंभर पावले चालली. मग कळशी खाली ठेवून झाडाला पाठ टेकली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून पुढे निघाली.

मामा, राजा गजसेन, शेजारच्या राज्यात राहत होता. माणूस अंगाने अवाढव्य आणि रागानेही.

"माझ्या बहिणीला अठरा वर्षं वाट पाहायला लावली त्या शूरकेतूनं! पालखी तीनदा धाडली, ती आली नाही. त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही."

"ओलांडू नका. मी पाट उंबऱ्याबाहेर मांडते. जावळाला ऊन बरंच असतं."

गजसेनाने मिशी ओढली. "आता केवढा झाला गं तो?"

"तुमच्या खांद्याला लागेल."

"आणि माझ्या मांडीवर बसवणार?"

"रीत आहे, महाराज."

नवव्या दिवशी सकाळी वाड्यासमोर उन्हात पाट मांडला. सनई लागली. राणीने बत्तासे वाटले. प्रधान दर्भाचा पुतळा घेऊन आला होता, तो त्याने लाजून पाठीमागे लपवला. गजसेन पाटावर बसला. भाचा त्याच्या मांडीवर बसला.

"लवकर आटप, बाई," गजसेन कण्हला. "रीत आहे म्हणाली होतीस. माझी मांडी मोडली!"

लोक हसले. मणिकेतूही कितीतरी वर्षांनी हसला.

सारजाने आधी झऱ्याच्या पाण्याने जटा भिजवल्या. खपल्या ओढल्या नाहीत, मऊ होऊ दिल्या. मग केसाच्या कलाने, वरून खाली, हलक्या हाताने वस्तरा फिरवला. एकदाही उलटा नाही. जटा उतरू लागल्या. राणीने त्या परातीत झेलल्या. खालची कातडी उघडी पडली, तिला प्रथमच वारा लागला. मणिकेतूने उसासा सोडला.

टाळूवरची शेवटची बट तेवढी उरली. तेवढ्यात गर्दी फाडत एक धुळीने माखलेला जासूद आला. हातात राजाची अंगठी.

"घात झाला! राजा शूरकेतू गेले! मी डोळ्यांनी पाहिले!"

सनई थांबली. राणी मटकन खाली बसली. मणिकेतूच्या डोळ्यांत पाणी तरारले आणि सारजाच्या हातातल्या वस्तऱ्याची धार काळवंडू लागली.

सारजाने सोललेल्या तळहातावर वस्तरा एकदा, दोनदा, तीनदा ओढला. रक्त आले. तिने हात थांबवला नाही.

"युवराज, अठरा वर्षं तुम्हाला सगळ्यांनी हेच सांगितलं. तुम्ही कधी ऐकलंत का?"

"नाही."

"मग आज ऐकायचं कारण? जावळाच्या दिवशी बापाचं नाव घेतात. घ्या."

गजसेनाने आपले दोन्ही हात भाच्याच्या पोटाभोवती घट्ट धरले, जसे तीन महिन्यांच्या बाळाला धरतात.

"माझा बाप शूरकेतू," मणिकेतू मोठ्याने म्हणाला. "तो आहे. आणि आज माझं जावळ आहे."

धार लखलखली. शेवटची बट परातीत पडली.

जासुदाचे पागोटे आपोआप उलगडले. खाली त्याचे डोके खवड्यांनी भरले होते, आणि कधीच न कापलेले केस त्यात रुतले होते. तो भृंगदंत होता. त्याला कुणी कधी मांडीवर घेतले नव्हते. त्याचे डोके धुवायला सारजाचा हात नकळत कळशीकडे गेला. पण तो किंचाळला, धुळीचा भोवरा झाला आणि वेशीबाहेर विरून गेला.

सूर्य मावळायच्या आत राजा शूरकेतू चालत आला. अंगाला दगडाची पूड, हात रिकामे. गजसेन उंबऱ्याबाहेरच बसला होता. त्याने मेहुण्याकडे पाहिले, पाटावर थोडा सरकला. राजा शेजारी बसला आणि त्याने मुलाच्या बोडक्या, लाल डोक्यावरून अलगद हात फिरवला.

"दुखतं?"

"हो," मणिकेतू म्हणाला.

खवडे एका दिवसात गेले नाहीत. एकवीस दिवस सारजा रोज सकाळी यायची, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने डोके धुवायची, उन्हात वाळवायची. बाविसाव्या दिवशी त्यावर मऊ लव आली, तेव्हा राजाने आपल्या हातांनी त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. मुकुट कुठे टोचला नाही.

त्या राज्यात अजूनही जावळाचा पाट उंबऱ्याबाहेर मांडतात, आणि वस्तरा आधी न्हाव्याच्या तळहातावर फिरतो, मग बाळाच्या डोक्यावर. युवराजाच्या माथ्याची आग निवली, तशी ऐकणाऱ्याची आणि सांगणारीचीही निवो.