बाहुल्यांचा गुन्हा

एका संस्थानात गदायुद्धाचा बाहुल्यांचा खेळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी भर बाजारात दोन चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडली. राजेसाहेब भडकले. "लोक जे बघतात तेच करतात. बाहुल्यांची पेटी जप्त करा आणि उद्या चौकात जाळा!"

त्या पेटीवरच बाहुल्या नाचवणाऱ्या विश्राम ठाकराचं घर चालत होतं. तो धावत दरबारात आला. मुजरा करून म्हणाला, "सरकार, लोक बघतात तेच करतात, हे नक्की ना?"

"नक्की! राजा असो की रंक."

"दर दसऱ्याला मी वाड्यावर एकच खेळ करतो. त्यातला राजा याचकाला सगळं राज्य देऊन रानात जातो. सरकार एकवीस वर्षं पहिल्या रांगेत बसून तो बघताहेत, डोळेही पुसतात." विश्रामने मान खाली घातली. "आणि देवाच्या दयेने सरकार अजून गादीवरच आहेत."

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि पेटी परत द्यायला सांगितली.

पुढच्या दसऱ्याला मात्र वाड्यावरून विश्रामला निरोप आला, "यंदा तो दानाचा खेळ नको. त्यापेक्षा गदायुद्ध लावा."