दारातला पट्टा

एका गावात एक मातीचं देऊळ होतं. शहरातले लोक त्याला चर्च म्हणत, पण गावातली ख्रिस्ती मंडळी पणज्यापासून देऊळच म्हणत आली होती. भिंती मातीच्या, वर कौलं, आणि जमीन शेणाने सारवलेली. त्या जमिनीचे चाळीस पट्टे पाडलेले होते, कारण मंडळीत घरं चाळीस. प्रत्येक घराचा एक पट्टा. शनिवारी दुपारी प्रत्येक घरातून कोणीतरी शेणाची बादली घेऊन यायचं, आपला पट्टा सारवायचं आणि जायचं. रविवारी सगळे त्यावर चटया टाकून बसायचे.

सगळ्यात लहान पट्टा दारातला. जाता-येता सगळे तुडवणार, म्हणून तो कोणालाच नको होता. तो होता सलोमी आजीचा. ओढ्याच्या पलीकडे कुडाच्या खोपटात ती एकटी राहायची. नवरा कधीचाच गेला होता, मूल झालं नव्हतं. एक शेळी होती, तीही तिच्याशी भांडायची.

आजीला अक्षर येत नव्हतं. पण लोक पोथी वाचतात तशी आजी जमीन वाचायची. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभी राहायची आणि चाळीस पट्ट्यांवरून नजर फिरवायची. कोणाच्या बोटांच्या चंद्रकोरी, कोणाच्या लाटा, कोणाची नुसतीच घाईघाईची फरफट. एखादा पट्टा पांढरा पडून भेगाळलेला दिसला, की उपासना संपल्यावर आजी त्या घरी हजर.

"का गं, सारवायला आली नाहीस?"

"आजी, दोन्ही पोरं गोवराने पडलीत."

मग आजीकडून पेज यायची, शेजारणीकडून तूप यायचं, आणि पुढच्या शनिवारी त्या घराचा पट्टा दुसरंच कोणी सारवून टाकायचं. एकदा सुताराचा पट्टा अर्धाच सारवलेला होता. आजी त्याच्या बायकोला म्हणाली, "मधेच उठून गेलीस. काय म्हणाला तो?" बाई तिथेच रडायला लागली. एकदा एका पट्ट्यावर पाचाच्या जागी चारच रेघा उमटल्या होत्या, तर आजी हळद घेऊनच पोचली. विळ्याने बोट कापलं होतं.

तर असं ते देऊळ होतं. दिसायला गबाळं, पण त्याला सगळं कळायचं.

त्या देवळाला पाच पंच होते. पंच म्हणजे मंडळीतले वडीलधारे. त्यांचे गुडघे प्रार्थनेला वाकत नसत, खुर्चीत मात्र बरोबर वाकत. त्यांच्या घरचे पट्टे त्यांच्या बायका, नाहीतर सुना सारवायच्या. थोरल्या पंचांनी तर तीस वर्षांत शेणाला हात लावला नव्हता, आणि हे ते अभिमानाने सांगायचे.

एका वर्षी शहरातून मोठे पाहुणे आले. पांढरी पँट घालून ते जमिनीवर बसले आणि उठले तेव्हा मागे हिरवा डाग. पाहुणे हसले आणि विसरून गेले. पंच विसरले नाहीत. त्यांनी बैठक घेतली, आपापसात माना डोलावल्या आणि ठरवून टाकलं: फरशी बसवायची.

रविवारी थोरल्या पंचांनी ते जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारातून सलोमी आजी उठली.

"पंच, फरशी सारवायची कशी?"

सगळे हसले. थोरले पंच म्हणाले, "आजी, फरशी सारवत नाहीत, पुसतात. त्यालाही माणूस ठेवलाय आपण."

"मग शनिवारी आम्ही काय करायचं?"

"आराम करायचा. इतकी वर्षं राबलात की."

"पण मग कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

आजीने तोंड उघडलं. तिला जे म्हणायचं होतं ते तिच्या दोन्ही हातांना पाठ होतं, पण जिभेवर येईना. ती म्हणाली, "ते आपलं… हे," आणि हाताने हवेत एक चंद्रकोर काढली. लोक पुन्हा हसले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. त्यांनाही फरशी हवीच होती. त्यांचा झगा मळायचा ना!

फरशी बसली. काळी, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. दारात, बरोबर आजीच्या पट्ट्यावर, एक पांढरा दगड बसला आणि त्यावर पाचही पंचांची नावं कोरली गेली.

पहिले काही रविवार सगळे खूश होते. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. पण पट्टे गेले तशा जागाही गेल्या. आज कोणी इथे बसायचं, उद्या तिथे. शनिवारची विहिरीवरची गर्दी थांबली. तिथली भांडणं थांबली आणि भांडण मिटवताना वाटून खाल्लेल्या गुळाच्या ढेपाही थांबल्या. यायचं, बसायचं, उठून जायचं, एवढंच उरलं. एवढं घरी बसूनही होतं. लोकांनी तेही करून पाहिलं. आधी एक घर यायचं बंद झालं, मग दुसरं, मग तिसरं. कुठल्याच फरशीला भेग पडली नाही. पंचांना वाटलं, सगळं ठीक आहे.

सलोमी आजी मात्र शनिवारी दुपार कलली की उठायची. हात आपोआप बादलीकडे जायचा. कधीकधी ती रिकामी बादली घेऊन देवळापर्यंत जायचीसुद्धा. दाराला कुलूप असायचं. ती पायरीवर बसायची आणि मांडीवर बोटं फिरवत राहायची, गोल, पुन्हा गोल. तिला कळेना की आपल्याला नक्की काय हवंय. कोणी तिला देवळातून हाकललं नव्हतं. उलट "या आजी, बसा आजी" म्हणायचे. पण पाहुण्यालाही तसंच म्हणतात.

एकदा गुऱ्हाळवाल्यांची नवी सून तिथून पाणी घेऊन चालली होती. फरशी बसायच्या आधी तिने जेमतेम तीन शनिवार सारवलं होतं, तेही आजीच्या शेजारच्या पट्ट्यावर. आजीनेच तिला शिकवलं होतं, तेही शिव्या देऊन: "हात हलका सोड गं, भाकरी थापतेस का?"

"आजी, बादली कशाला आणली?" सुनेने विचारलं.

"फिरायला," आजी म्हणाली. "तिलाही घरात करमत नाही."

सून हसली. मग हसायची थांबली आणि घटकाभर तिच्याजवळ बसून राहिली.

काही दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी, शेळीने हिसका दिला आणि आजी खोपटाच्या दारात आपटली. कमरेखाली कट्कन आवाज झाला. ती कोपरांवर सरपटत आत गेली. हाताशी पाण्याची घागर होती, दुरडीत चार भाकरी होत्या. शेळी दारात बांधलेली होती. आजीने हाका मारल्या. पण ओढ्याला पाणी होतं, आणि ओढा तिच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता.

तिला भीती वाटली नाही. तिने बोटं मोजली. "तीन दिवसांनी रविवार. मी दारात दिसणार नाही. येतीलच."

रविवारी घंटा झाली. आजीला उपासना तोंडपाठ होती. पडल्यापडल्या ती ऐकत राहिली. पहिलं गीत, मग शांतता, म्हणजे प्रार्थना. दुसरं गीत. मग मोठी शांतता, म्हणजे पाळकसाहेबांचं लांबलचक प्रवचन. तिसरं गीत. शेवटची घंटा. आजीने पदर नीट केला, केस मागे सारले आणि वाटेकडे कान लावला.

कोणी आलं नाही.

"घाई असेल," ती शेळीला म्हणाली. "नाहीतर लग्नबिग्न असेल कुठे." शेळी रवंथ करत राहिली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. भाकरी संपल्या. पडल्यापडल्या हात लांबवून ती शेळीची धार वाटीत काढायची. शेळी कुडाचा पाला ओरबाडून खायची. आजी स्वतःच्याच घराची भिंत अशी चाललेली बघत राहायची. तहान लागायची, दुखायचं. पण त्याहून वाईट होतं ते वाट बघणं. तिला आठवायचं, आपण किती जणांच्या दारात न बोलावता गेलो. पेज घेऊन, हळद घेऊन, कधी नुसतेच. "मला कोणी वाचायला उरलंच नाही का?" तिने छपराला विचारलं.

दुसरा रविवार आला. घागरीत तळाला ओंजळभर पाणी होतं. ते आजी पीत नव्हती, कारण ते प्यायल्यावर काय, हे तिला ठाऊक होतं. घंटा झाली. पहिलं गीत झालं. प्रार्थना झाली. दुसरं गीत सुरू झालं.

आणि दुसऱ्या कडव्यात तुटलं.

आजीने डोळे उघडले. आयुष्यात तिने ते गीत तिथे तुटलेलं ऐकलं नव्हतं.

देवळात काय झालं ते पुढे सगळ्यांनी तिला सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या सोयीने. पण एवढं खरं की गीत चालू असताना गुऱ्हाळवाल्यांची सून उभी राहिली आणि म्हणाली, "दारातली आजी कुठाय?"

थोरले पंच म्हणाले, "सूनबाई, उपासना चालली आहे."

"गेल्या रविवारीही नव्हती."

"गेली असेल लेकाकडे. बस खाली."

"तिला लेक नाही," सून म्हणाली.

तीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. नांदायला येऊन वर्ष न झालेल्या पोरीला माहीत होतं. तिची सासू तिचा पदर ओढत होती. तिने पदर सोडवून घेतला, त्या पांढऱ्या दगडावरून, पाचही नावांवरून, सरळ पाय देऊन बाहेर पडली आणि पळत सुटली.

मग सुताराची बायको उठली. मग सुतार. मग गाणारं कोणी उरलं नाही.

खोपटात आजीला आधी एकाच माणसाची पावलं ऐकू आली, ओढ्याच्या पाण्यातून छपछप करत येणारी. आणि मग त्यामागे पुष्कळ. तिने घागर कलती करून ते ओंजळभर पाणी पिऊन टाकलं.

तिला बाजेवर घालून चौघांनी उचललं. तेव्हा थोरले पंच धापा टाकत पोचले.

"अहो आजी," ते म्हणाले, "कोणाकडून तरी कळवायचं की!"

आजीने त्यांच्याकडे बघितलं. "कशावर कळवू, पंच? फरशीवर?"

वडीलधाऱ्यांना उत्तर न येणं ही फार चांगली गोष्ट असते, पण ती फार उशिरा घडते.

पुढच्या शनिवारी देवळातून पहारींचा आवाज आला. "आधी बैठक घेऊ," असं थोरले पंच तीनदा म्हणाले. कोणी थांबलं नाही. फरशा उखडल्या, खालची माती चोपून सपाट केली आणि पुन्हा चाळीस पट्टे आखले. नावांचा पांढरा दगड बाहेर विहिरीशी नेऊन टाकला. सारवून झाल्यावर लोक आता त्यावर उभे राहून पाय धुतात.

थोरल्या पंचांनाही बादली धरावी लागली. त्यांचा शेणकाला इतका पातळ झाला की तो शेजारच्या पट्ट्यात वाहत गेला. "पाणी कमी, शेण जास्त," दारात बाजेवर पडून आजी ओरडली. "आणि हात हलका सोडा, भाकरी थापताय का?" त्या दिवशी मंडळी जशी हसली, तशी फरशीवर कधी हसली नव्हती.

आजीचा पाय धड जुळला नाही. तिला पुन्हा उकिडवं बसता आलं नाही. तिचा पट्टा गुऱ्हाळवाल्यांची सून सारवते आणि शेवटची वीतभर जागा ओली सोडते. मग दोघी-तिघी आजीला काखेत धरून खाली वाकवतात, आणि आजी तिथे आपली एक चंद्रकोर उमटवते. एकच. मग ती दाराला टेकून बसते आणि जमीन वाचते.

तीन पट्टे तिला वाचता येत नाहीत. फरशीच्या दिवसांत जी तीन घरं यायची बंद झाली, ती अजून आलेली नाहीत. आजीने निरोप पाठवले, सून स्वतः जाऊन आली. त्यांचे पट्टे दर शनिवारी कोणी ना कोणी सारवतंच, भेगा पडू देत नाही. पण त्यांवर कोणी बोटं उमटवत नाही. ते तसेच कोरे ठेवतात. बोटं ज्याची त्याने येऊन उमटवायची. शनिवारी दुपार कलली, की आजी त्या तीन कोऱ्या पट्ट्यांकडे बघते आणि मग वाटेकडे.

तात्पर्य: जिथे आपल्या हाताला काम नसतं, तिथे आपलं नसणंही कोणाला कळत नाही. तेव्हा खुर्चीत बसलेल्यांनो, लोकांच्या हातातली बादली काढून घेऊ नका. आणि घरी बसलेल्यांनो, तुमचा पट्टा अजून ओला आहे, या.