कुमाझो टेकला ती जागा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपल्याकडची नाही. समुद्रापलीकडच्या जपानातली. तिथं तेव्हा सम्राट होता, पण त्याच्याकडं नुसता मान होता. तलवार होती शोगुनकडं. शोगुन म्हणजे सगळ्या फौजांचा धनी. त्याचा बाप शोगुन, आजा शोगुन, आणि पाळण्यातलं पोर पुढचा शोगुन. ते पोर शहाणं निघो की खुळं, गादी त्याचीच. त्याच्या हाताखाली सरदार, तेही बापाच्या जागी मुलगा असेच आलेले. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, नदीतले हमाल. त्यांच्यातही बापाच्या जागी मुलगाच यायचा बरं का. फक्त त्याला गादीऐवजी ओला खांदा मिळायचा.

नदीतले हमाल कशाला, असं तुम्ही विचारणारच. सांगते. त्या मुलखात हायासे नावाची मोठी, ओढीची नदी होती. शोगुनचा हुकूम होता की हिच्यावर पूल बांधायचा नाही आणि हिच्यात होडी घालायची नाही. पलीकडच्या एखाद्या सरदाराचं डोकं फिरलं आणि तो फौज घेऊन राजधानीवर निघाला, तर नदीनं त्याला अडवावं, असा त्यामागं विचार. एका माणसाला निवांत झोप लागावी म्हणून सगळ्या मुलखानं माणसाच्या मानेवर बसून नदी ओलांडायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

नदीच्या पूर्वेच्या काठावर मुकाई नावाचं गाव होतं. तिथं कुमाझो नावाचा हमाल राहायचा. सरदार, त्यांच्या बायका, भिक्षू, व्यापारी, सगळे त्याच्या मानेवर बसून पार झाले. त्यांचे पाय कोरडे राहिले, पण याचे खांदे कधी वाळले नाहीत. त्याच्या मानेमागं शेवाळ धरायचं, असं म्हणतात. खरंखोटं त्या नदीला ठाऊक.

त्याचे गुडघे केव्हाच गेले होते. सकाळी उठताना भिंत धरावी लागायची. कुणी म्हणालं, "कुमाझो, टेक की जरा," तर तो म्हणायचा, "पलीकडं गेलो की टेकतो." आणि पलीकडं गेला की तिथं कुणीतरी अलीकडं यायला ताटकळत उभं असायचंच. त्यालाही तो तेच म्हणायचा. असं करता करता केस पांढरे झाले, पण बापडा टेकला काही नाही.

त्याची बायको मागंच गेली होती. जावई आदल्या वर्षी याच नदीत वाहून गेला. उरली होती एक लेक, ओकिनू, आणि तिच्या पोटातलं बाळ. मुलगा झाला तर तो हमाल होणार, हे गाव धरूनच चाललं होतं. कुमाझो त्यावर काही बोलायचा नाही. एकदाच मुलीला म्हणाला, "मुलगी होऊ दे, बाई. माझ्यानं नातवाला पाण्यात उतरताना बघवणार नाही."

आता बरणीचं ऐका. शोगुन स्वतः कधी या नदीवर आला नाही. यायची त्याची बरणी. दूरच्या डोंगरात चहाची कोवळी पानं खुडायची, ती चिनी मातीच्या बरणीत भरायची, आणि बरणी मेण्यात बसवून राजधानीला न्यायची. शोगुनला प्यायला. ती बरणी म्हणजे साक्षात शोगुनच असं मानायचं. ती दिसली की जिथं असाल तिथं गुडघे टेकायचे, कपाळ मातीला लावायचं, आणि उठा असं सांगितल्याशिवाय मान वर करायची नाही. तोवर शेतातलं काम बंद, चूल बंद, मयत असेल तर तेही थांबलेलं. बरणी जमिनीला टेकवायची नाही. आणि नदीवर तिच्याआधी कुणी पार व्हायचं नाही. चहाची बरणी हो. पण मोठमोठे सरदार मेण्यातून उतरून तिच्यापुढं वाकायचे, तिथं मुकाईच्या लोकांची काय कथा.

त्या वर्षी बरणी पश्चिमेच्या काठावर आली आणि तिच्या पाठोपाठ पूर आला. नदी बंद झाली. बरणी खाली ठेवता येईना, म्हणून भोई आळीपाळीनं मेणा खांद्यावर घेऊन उभे. बरणी उभी असताना बसायचं कसं, म्हणून तिचा रखवालदार सरदारही उभा. त्याचं नाव इनोमाता. बरणी पोचवायचं काम त्याच्या घराण्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. बरणी फुटली तर स्वतःच्या हातानं पोट फाडून मरायचं, हेही त्याला वारशातच मिळालेलं. चिलखताखाली त्याचे पाय सुजले होते. तो पाण्याकडं बघत होता आणि पाणी चढत होतं.

त्याच दिवशी सकाळी मुकाईत ओकिनूला कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. शेजारणी बाहेर आल्या आणि कुमाझोला म्हणाल्या, "मूल आडवं आलंय. आमच्या हातून होणार नाही. ओताने आजीला आणा, नाहीतर दोघंही हातची जातील." ओताने म्हणजे त्या भागातली जुनी सुईण. आणि ती आदल्या दिवशीच पश्चिमेच्या काठावर दुसऱ्या एका बाळंतपणाला गेली होती.

कुमाझोनं काठी उचलली. त्याचा जुना जोडीदार योहेई आडवा आला. "अरे, नदी बंद आहे. तुझ्या गुडघ्यांचं तरी ऐक."

"गुडघे काय, रोजच बोलतात," कुमाझो म्हणाला आणि पाण्यात उतरला.

पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. तो कसा पोचला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ओताने आजी काठावरच बोचकं घेऊन बसली होती, निरोप आल्यासारखी. कुमाझोनं तिला मानेवर घ्यायला पाठ वाकवली, तेवढ्यात इनोमाताचे शिपाई आडवे आले. बरणीच्या आधी कुणी पार जायचं नाही.

कुमाझोनं कपाळ मातीला टेकवलं. "सरकार, माझी लेक मरते आहे."

इनोमाता काही दुष्ट नव्हता. त्यालाही राजधानीत एक मुलगी होती, आणि तिचं तोंड तो वर्षातून एकदा बघायचा. पण त्याच्या बापानं हा नियम मोडला नव्हता, आज्यानं मोडला नव्हता. तो म्हणाला, "बरणी पार झाली की जा. माझ्या हातात तेवढंच आहे."

"मग बरणी आत्ता नेतो."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. एरवी मेणा लाकडी चौकटीवर ठेवून हमालांची टोळी पार करायची. पण या पाण्यात चौकट टिकणार नव्हती. गेलाच तर एकटा माणूस गेला असता. कुमाझोचे दोन्ही हात काठीला लागणार, म्हणजे त्याच्या मानेवर बसून बरणी धरायला आणखी कुणीतरी हवं. इनोमातानं शिपायांकडं पाहिलं. शिपायांनी नदीकडं पाहिलं. खरं म्हणजे ते काम इनोमाताचंच होतं. तो पुढं झाला, पाण्याजवळ गेला, आणि तिथंच थांबला. त्याचे पाय उचलेनात. लढाईत जाणारा माणूस, पण पाण्यानं त्याची गाळण उडाली.

"आणा इकडं, मी धरते," ओताने आजी म्हणाली.

शिपायांच्या अंगावर काटा आला. सुईण ती, बाळंतिणीच्या रक्ताचे हात. शोगुनच्या बरणीला ते हात लावायचे? एकानं तलवारीच्या मुठीला हात घातला. म्हातारी मुळीच हलली नाही. म्हणाली, "शोगुनसाहेब तरी पहिल्यांदा कुणाच्या हातात पडले? अशाच एखादीच्या ना? मग त्यांच्या चहाला काय होतंय."

इनोमातानं मेण्यातून बरणी स्वतः काढली, कुमाझोच्या मानेवर बसलेल्या म्हातारीच्या मांडीवर दिली आणि आपल्या कमरेचा रेशमी पट्टा सोडून ती तिच्या पोटाशी बांधली. मग तो शिपायांना म्हणाला, "वाका सगळे. बरणी निघाली." सगळ्यांची कपाळं मातीला लागली, त्यामुळं ती कुणाच्या मांडीवरून निघाली हे एकट्या इनोमाताशिवाय कुणाला दिसलं नाही.

कुमाझो पाण्यात शिरला. मधल्या धारेला पाणी हनुवटीला आलं. पाणी चढतच होतं, पण हनुवटीच्या वर काही जाईना. कारण पाणी वाढत होतं तसा कुमाझोही वाढत होता, असं म्हणतात. इनोमातानं म्हातारपणी शपथेवर सांगितलं की त्या दिवशी नदीत चालणारा माणूस झाडाएवढा होता. पण कुमाझोला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की आपण फार दमलोय. पाय आपले राहिले नाहीत. मानेवर बरणी आहे, आजी आहे, आणि का कोण जाणे, आजवर वाहिलेली सगळी माणसंही आज एकदम येऊन बसली आहेत. तो नदीला म्हणाला, "बाई, जावई नेलास, मी काही बोललो नाही. आज एवढं जाऊ दे. पुन्हा उतरेन तेव्हा काय ते बघू."

इकडं मुकाईच्या काठावर बरणी निघाल्याचा शंख ऐकू आला होता. सगळं गाव धावत काठाला आलं आणि चिखलात कपाळ टेकवून पडून राहिलं. योहेईही पडला. एरवी हमाल परत यायला लागला की काठावरचे चौघं दोर घेऊन कमरेइतक्या पाण्यात जायचे, हात द्यायचे. पण बरणी येत असताना मान वर कोण करणार? आणि मान वर केल्याशिवाय दोर कुणाला टाकणार?

कुमाझो काठाशी आला. दगडी पायरीला मान लावून त्यानं आजीला उतरवलं. ती म्हणाली, "चल लवकर."

"तू हो पुढं, आजी. ती वाट बघत असेल. मी जरा टेकतो."

आजीनं पट्टा सोडला, बरणी खुशाल चिखलात ठेवली, आणि बोचकं घेऊन वाकलेल्या माणसांमधून वाट काढत पळाली. जन्मात जमिनीला न टेकलेली बरणी गावाच्या चिखलात बसली, आणि तिच्यापुढं अख्खं गाव पालथं पडून राहिलं. उठा म्हणायला अलीकडं कुणी नव्हतंच.

पलीकडून इनोमाता बघत होता. बरणी काठाला लागेपर्यंत त्याची नजर बरणीवर होती. मग त्यानं माणसाला शोधलं, तेव्हा त्याचं डोकं पाण्यात कललेलं, आणि बाहेर नुसते दोन खांदे दिसले. तो जिवाच्या आकांतानं ओरडला. हात हलवले, पुन्हा ओरडला. मुकाईच्या लोकांना पाण्याच्या आवाजात शब्द काही कळले नाहीत. सरदार ओरडतोय एवढं कळलं. आणि सरदार ओरडला की काय करायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी कपाळं आणखी खोल दाबली.

काय बोलणार त्यांना? आपणही तेच केलं असतं.

मग गावातून बाळाचं रडणं ऐकू आलं. ते ऐकून पहिल्यांदा योहेईनं मान वर केली. त्याला वाटलं, आजोबाचं तोंड बघावं. काठावर कुमाझो नव्हता. पायरीपासून चार हातांवर, पाण्यात, एक काळा दगड उभा होता. आदल्या दिवशी तो तिथं नव्हता. त्याला दोन रुंद खांदे होते आणि मानेमागं हिरवं शेवाळ.

ओकिनू वाचली. मुलगी झाली होती. ओताने आजीनं तिला न्हाऊमाखू घालून काठावर आणलं आणि दगडाला दाखवलं. म्हणाली, "बघ रे, मुलगी आहे. आता बस निवांत."

गावाला मात्र ती गोष्ट लागली ती लागलीच. कुमाझो चार हातांवर होता, आणि आपण बरणीपुढं नाक घासत होतो. योहेई पुढं कितीतरी वर्षं जगला, पण पुन्हा कुणापुढं त्याची मान वाकली नाही. विचारलं तर मान आखडली आहे म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी इनोमाता बरणी घेऊन आला. या वेळी नदी शांत होती. मुकाईचा काठ लागल्यावर त्यानं मेणा थांबवला आणि भोयांना म्हणाला, "खाली ठेवा. टेका जरा." भोयांना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तसा हुकूम कुठंही नव्हता. राजधानीत ही बातमी सांगायलाही कुणी गेलं नाही. त्यानंतर दरवर्षी शोगुनची बरणी त्या दगडापुढं जमिनीवर टेकायची आणि भोई दम खायचे.

पुढं शोगुन गेले, सरदार गेले, चहाची बरणी यायची थांबली. नदीवर पूल बांधायची वेळ आली. बांधणारे म्हणाले, हा दगड चांगला पक्का आहे, पहिला खांब याच्यावरच उभा करू. मुकाईतली एकूणएक माणसं बाहेर आली. म्हणाली, त्याच्यावर आता काही ठेवायचं नाही. वाद झाला, पण गाव हटलं नाही. शेवटी पूलच वाकवावा लागला. म्हणून मुकाईचा पूल पूर्वेच्या काठाशी येता येता दगडाला वळसा घालतो, असं म्हणतात.

त्या वळणावर आजही सगळे थांबतात. डोक्यावरची पाटी, पाठीवरचं पोर, हातातली पिशवी, जे असेल ते खाली ठेवतात. तिथं कुणी हात जोडत नाही, आणि वाकत तर मुळीच नाही. लहान मूल सवयीनं वाकलं तर म्हाताऱ्या बाया त्याची हनुवटी धरून तोंड वर करतात. सगळ्यांनी मान वर करून नदीकडं बघायचं, मागं पाण्यात कुणी राहिलं नाही ना ते नीट पाहायचं, आणि मगच आपलं ओझं उचलून घरी जायचं.