घुमटीचा काटा

त्या राज्यात बर्फाला नावे ठेवायला बंदी होती. बर्फ पांढरा, म्हणून शुभ. छपरावर कितीही साचला तरी तो झाडायचा नाही, कारण पांढरे छप्पर लांबून शोभून दिसते. त्या वर्षी बर्फ सलग नऊ दिवस पडला. दहाव्या दिवशी सकाळी अस्वलमहाराजांच्या महालाचे छप्पर कण्हले, वाकले आणि सिंहासनावर येऊन बसले. महाराज त्या वेळी बाहेर ओट्यावर मध चाटत होते, म्हणून वाचले. बगळा कारभाऱ्याने तासाभरात दवंडी पिटवली, की छप्पर पडलेले नाही, महाराजांनी ते उतरवून घेतले आहे.

उतरवून घेतलेल्या छपराखाली झोपता येत नाही, हे दुपारपर्यंत दरबाराच्या लक्षात आले. मग त्यांना साळूची आठवण झाली.

साळू ही साळिंदर. राज्याच्या कडेला, खडकाच्या कपारीत ती म्हाताऱ्या आईबरोबर राहायची. काटेरी जात, म्हणून एरवी दरबार तिला दारात उभे करत नसे. पण बाहेरच्या जगात जिला इग्लू म्हणतात, ती बर्फाच्या विटांची घुमटी बांधावी तर साळूच्याच घराण्याने. बगळा स्वतः तिच्याकडे गेला आणि कपारीबाहेर एका पायावर उभा राहिला.

"महाराजांच्या परसात घुमटी उभी करायची. उद्या दुपारपर्यंत."

"करते," साळू म्हणाली. "पण कपारीत बर्फ शिरलाय. आई आता इथे तगणार नाही. आत आम्हा दोघींना जागा पाहिजे."

"अगं, हे काय मागायचं झालं? महाराज काय परके आहेत?"

हे काही 'हो' नव्हते. साळूला ते कळायला हवे होते. पण आत आई खोकत होती, आणि तो खोकला ऐकत असताना शब्दांची चिरफाड करत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता.

ती परसात गेली आणि कामाला लागली. आधी तिने पाठीवरचा एक लांब काटा उपटून जागोजागी बर्फात खुपसून पाहिला. काटा अडखळला तर तिथला बर्फ थरांचा, वीट फुटणार. एकसारखा सरकत गेला तर बर्फ एकजीव, वीट टिकणार. तशा विटा कापून तिने गोल मांडल्या, प्रत्येक वीट आतल्या बाजूला किंचित झुकवून, नागमोडी चढत्या वळणाने. ती आत उभी राहूनच बांधत होती. शेवटची वीट बसली तेव्हा ती पुरती कोंडली गेली होती. मग खालच्या बाजूने तिने दार कापले आणि सरपटत बाहेर आली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मदतीला कोणी आले नव्हते.

सगळ्यात शेवटी तिने घुमटीच्या माथ्यात एक काटा आरपार घातला आणि तिथेच ठेवला. तिच्या घराण्याची रीत होती, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या जीवाने सकाळी उठल्याबरोबर तो काटा फिरवून भोक मोकळे करायचे, मगच तोंड धुवायचे. साळूच्या आईने जन्मभर हेच केले होते.

बगळ्याने मान वर करून पाहिले आणि त्याचा चेहरा आंबला. "महाराजांच्या डोक्यावर भोक?"

"भोक नाही ते. घुमटीचं नाक आहे."

"राज्य अखंड आहे, तर छप्परही अखंडच हवं." त्याने काटा उपटला, भोकात बर्फाचा गोळा दाबला आणि पंखाने घासून जागा गुळगुळीत केली. सगळ्यांनी वाहवा केली. साळू म्हणाली, "आत जीव गुदमरेल." त्यावर एक सांबर म्हणाले, "या काटेरी लोकांना काही चांगलं बघवतच नाही."

मग आत जायची वेळ आली. म्हाताऱ्या आईचे काटे वयाने केव्हाच झडले होते. तिला हात लावून बघितले आणि निरुपद्रवी ठरवून दाराशी, जिथून वारा येतो तिथे, बसवले. साळू तिच्या मागे वाकली, तर बगळ्याने पंख आडवा केला.

"टोकदार वस्तू आत नेता येत नाहीत. महाराजांच्या जीवाचा प्रश्न आहे. काटे उतरव, मग ये."

आतून आईचा आवाज आला, "देऊ नकोस गं!" पण आई एकदा पडली तर तिला उचलणारे आत कोणी नव्हते. साळूने दात आवळले आणि पाठ पुढे केली. चार माकडे उपटायला बसली. काटा उपटला की रक्ताचा थेंब येई, आणि थेंब पडला की एक सेवक त्यावर ताजा बर्फ टाकी, म्हणजे परस स्वच्छ दिसावे. उपटलेले काटे आत नेऊन महाराजांच्या गादीमागे पंख्यासारखे लावण्यात आले. खाली पाटी आली: 'काटेरी प्रजेची प्रेमाची भेट'. त्यांना कोणी बोट लावायचे नाही, असा हुकूमही सुटला.

साळू उघड्या पाठीने दाराशी आली.

"तू कोण?" बगळ्याने विचारले.

"कोण म्हणजे? साळू."

"माझ्या यादीत साळिंदर आहे. साळिंदराला काटे असतात." आणि त्याने दाराची वीट आतून ओढून घेतली.

साळू संतापली. तो संताप इतका होता की थोडा वेळ तिला थंडीसुद्धा वाजली नाही. तिने विटेवर धडका मारल्या, तोंडाला येईल ते बोलली. आत भाट महाराजांच्या दूरदृष्टीचे गाणे म्हणत होते. शेवटी तिने घुमटीच्या भिंतीलगत खड्डा खणला, त्यात अंग मुडपून बसली आणि भिंतीला कान लावून आईचा खोकला ऐकत राहिली. खोकला येतोय तोवर आई आहे, एवढाच तिला आधार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाणे थांबले. मग बोलणे जड झाले, झोपेत बोलावे तसे. आई खोकायची, पण दोन खोकल्यांमधले अंतर वाढत चालले होते. साळूने दाराची वीट ढकलून पाहिली. आतल्या श्वासांच्या वाफेने ती भिंतीला गोठून एकजीव झाली होती.

"वरचं भोक मोकळं करा!" ती ओरडली. "ऐकू येतंय का? नाक मोकळं करा!"

बऱ्याच वेळाने आतून बगळ्याचा आवाज आला. "काटा... काटा आण."

"काटे तुमच्याकडेच आहेत! गादीमागे, तुमच्या डोळ्यांसमोर!"

 आत कुजबुज सुरू झाली. काट्यांना बोट लावायचे तर महाराजांची परवानगी हवी. महाराज तर पेंगलेत. महाराजांना उठवायचे कोणी? सांबर म्हणाले कारभाऱ्यांनी, कारभारी म्हणाला हे काम माकडांचे. मरायला टेकले होते मेले, तरी शिष्टाचार सुटत नव्हता! आणि या मूर्खांच्या शिष्टाचारात तिची आई दाराशी पडलेली होती.

साळू घुमटीवर चढली. रात्रीच्या थंडीने गोठून भिंत बाहेरून काचेसारखी झाली होती, नखे घसरत होती. माथ्याशी पोचून ती गोळा दाबलेली जागा ओरबाडू लागली. एक नख तुटले, मग दुसरे. आईचा खोकला आता येत नव्हता.

एवढ्यात तिच्या पंजाशेजारी बर्फ करकरला. खालून एक टोक वर आले. काळे, टोकाशी पांढरे. तिच्याच पाठीवरचे. ते डावीकडे फिरले, उजवीकडे फिरले, पुन्हा डावीकडे, अगदी रोज सकाळी फिरायचे तसे. साळूला रडू कोसळले.

काट्याच्या कडेने पहिली वाफ भसकन वर आली. खाली अनेक छात्या एकदम भरल्याचा आवाज झाला. आणि पहिल्याच पुऱ्या श्वासात महाराज गरजले, "छताला भोक कोणी पाडलं? पकडा त्या म्हातारीला! काढा तो काटा!"

टोक खाली सरकू लागले. साळूने ते दातांत पकडले. खालून हिसका आला. मग दोघांनी धरून, मग चौघांनी. साळू पोटावर आडवी झाली, चारी पंजे बर्फात रोवले आणि सोडले नाही. काटा इकडून तिकडे हलत राहिला. ते जितके ओढत होते तितके भोक रुंद होत होते, आणि सगळ्या दरबाराचा श्वास तिच्या तोंडावरून वर जात होता.